घरी इंजिन उघडणाऱ्यालाही निर्मात्याची मोजमापे मिळावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीचे इंजिन घरी उघडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. गेल्या डिसेंबरात मी एका अनुभवी मिस्त्रींच्या सोबतीने, नागपुरातील माझ्या घराच्या पोर्चमध्ये, २००४ साली बनलेल्या माझ्या पोर्श बॉक्सटर गाडीच्या क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे, तेल अडवणारे सील आणि इंटरमिडिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनातील मधल्या दांड्याचे, बेअरिंग बदलले. त्या नऊ दिवसांत आमचे हात फारसे अडले नाहीत. आम्ही पुन्हापुन्हा अडलो ते आकड्यांपाशी, म्हणजे कोणता बोल्ट किती आवळावा, कोणता भाग किती खोल बसवावा अशा निर्मात्याच्या मोजमापांपाशी. हे पत्र त्या आकड्यांविषयी आहे.

या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागील चाकांच्या पुढे असते व गिअरबॉक्स त्याच्याही मागे, त्यामुळे इंजिन जागेवर ठेवून केवळ गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाचे जड चाक) उतरवले की सील व बेअरिंग दोन्ही समोर येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब थेंब तेल गळत होते. वीस वर्षांच्या गाडीत यात नवल काही नाही. मात्र क्रँकशाफ्टचे सील आणि बेअरिंगवरची झाकणी या दोहोंचे तेल एकाच जागी येऊन टपकत असल्याने नेमके काय गळते आहे हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि एवढे सगळे उतरवल्यावर दोन्ही बदलणेच शहाणपणाचे ठरते.

बेअरिंगविषयी थोडे विस्ताराने लिहितो. क्रँकशाफ्टकडून चेनने फिरणारा आणि पुढे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टना चेननेच गती देणारा हा मधला शाफ्ट एका टोकाला बंद प्रकारच्या बॉल बेअरिंगवर टेकलेला असतो. त्यात ग्रीस भरून दोन्ही बाजू बुजवलेल्या असतात. कालांतराने इंजिनाचे तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन काढते आणि मग ताजे तेल पुरेसे आत येत नाही की जुने पुरते बाहेर जात नाही. बेअरिंग फुटले तर चेन उड्या घेते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आम्ही तेलाचा फिल्टर काढून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडल्या आणि त्यांवरून चुंबक फिरवला. त्याला पोलादाचे कण चिकटले असते, तर मी नुसते बेअरिंग बदलण्याचा आग्रह मुळीच धरला नसता, कारण तो चुरा तोवर तेलाबरोबर साऱ्या इंजिनात फिरलेला असतो. आमचा फिल्टर स्वच्छ निघाला.

आता ज्यासाठी पत्र लिहीत आहे तो मुद्दा. आमचे मिस्त्री तीस वर्षे इंजिने उघडत आले आहेत आणि नवे सील बसवताना त्याच्या शाफ्टला टेकणाऱ्या ओठाला बोटाने तेल लावणे ही त्यांची सवय आहे, जी रबरी सीलच्या बाबतीत योग्यच आहे. या इंजिनासाठी आता जे सील मिळते ते मात्र पीटीएफई (टेफ्लॉन) या पदार्थाचे आहे. ते पूर्ण कोरडे बसवावे लागते आणि कडेपासून १३ मिलिमीटर खोल, सर्व बाजूंनी सारखे, दाबावे लागते. तेल लावले किंवा एक बाजू जरा वर राहिली की महिनाभरात गळती पुन्हा सुरू होते आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. तसेच बेअरिंगवरची झाकणी सोडण्याआधी क्रँकशाफ्ट पिन घालून जखडावा लागतो, कॅमशाफ्ट पकडून ठेवावे लागतात आणि चेन ताणून धरणारे टेन्शनर सैल करावे लागतात, नाहीतर चेनच्या ताणाने शाफ्ट एका बाजूला सरकतो व टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ, चुकते. फ्लायव्हीलचे बोल्ट आधी ठरावीक बलाने आणि नंतर ठरावीक अंशांतून फिरवून आवळायचे असतात, आणि एकदा असे ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. यांतील एकही गोष्ट अनुभवाने वा अंदाजाने कळणारी नाही. ती कुणीतरी सांगावीच लागते.

मी आधी दुसऱ्या एका मोठ्या शहरातील कार्यशाळेला फोन करून विचारले, तेव्हा गाडी घेऊन या, आकडे ग्राहकाला देत नाही, एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक बाजारातील निकोप स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना नेमके हेच म्हटले होते, की सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांपासून अडवून ठेवता येणार नाही. प्रकरण पुढे न्यायालयात गेले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही घेतल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. तरीही फ्लायव्हीलचा बोल्ट किती आवळावा हे विचारणाऱ्या नागपूरकराला आजही फोनवर नकार ऐकावा लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मूठभरांचा प्रश्न नाही. ट्रॅक्टर आणि मालवाहू टेम्पो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचीही हीच अडवणूक होते.

घरी काम करू इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, आणि उचललेली गाडी पेलून धरणारे स्टँड शहाबादी फरशीवर ठेवू नयेत. फरशीखाली पोकळी असेल तर ती वजनाने फुटते. आम्ही सिमेंटच्या कोब्यावर जाड लाकडी फळ्या घालून त्यांवर चार स्टँड ठेवले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात उडणारी धूळ बेअरिंगची वैरी आहे, म्हणून हे काम हिवाळ्यात आणि ताडपत्रीच्या आडोशाने करावे. काढलेले तेल गटारात ओतू नये, ते अखेर नाग नदीत जाते; २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

माझी केंद्र सरकारला विनंती आहे की दुरुस्तीच्या हक्काच्या नियमांत आवळण्याची बले, बसवण्याची मापे आणि विशेष हत्यारांची रेखाचित्रे खुली करणे निर्मात्यांना बंधनकारक करावे. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाला आणि आयटीआयला विनंती आहे की महिन्यातील एक शनिवार शहरातील मिस्त्रींचे टॉर्क पाने (ठरावीक बलाने बोल्ट आवळण्याचे पाने) तपासून देण्यासाठी राखून ठेवावा. आमच्या मिस्त्रींचा पाना आठ वर्षांचा आहे आणि तो विकत घेतल्यापासून एकदाही तपासला गेलेला नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर