रंगकाम झालं, पण जागा कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोडकळीला आलेल्या वस्तीने कात टाकली, लोकांनीच भिंती रंगवल्या, उकिरड्याच्या जागी बाग केली, अशा बातम्या हल्ली बऱ्याच येतात. मी त्या आवडीने वाचतो, पण त्यात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे ती बाग आणि ती घरं ज्या जागेवर आहेत ती आहे कोणाच्या नावावर? कारण वस्ती चांगली दिसायला लागली की भाडं वाढतं आणि भाडं वाढलं की पहिला बाहेर पडतो तो भाडेकरू, म्हणजे बऱ्याचदा ज्याने रंगाचा डबा उचललेला असतो तोच.

बॉस्टनमधल्या डडली स्ट्रीटचं बघा. १९८० च्या आसपास तिथे घरं जळून पडलेली, कितीतरी प्लॉट ओसाड, आणि बाहेरचे लोक ट्रक भरभरून कचरा आणून तिथे ओतायचे. १९८४ मध्ये देणगीदार आणि संस्थावाले मदतीला आले खरे, पण त्यांनी जे संचालक मंडळ ठरवलं त्यात रहिवासी मोजकेच! मग सभेत लोकांनी तोंडावर विचारलं की तुमच्यातले इथे राहतात किती जण, आणि मंडळच बदलायला लावलं, रहिवाशांचं बहुमत करून घेतलं. मला विचाराल तर त्या वस्तीचं नशीब तिथेच फिरलं, बाग वगैरे नंतर. पहिलं आंदोलनसुद्धा कचरा टाकणाऱ्यांच्या विरोधात होतं, फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढे १९८८ मध्ये ओसाड प्लॉट सक्तीने ताब्यात घ्यायचा अधिकार शहराने या लोकांच्या संस्थेला दिला, जो एरवी फक्त सरकारकडे असतो. मग संस्थेने जमिनीसाठी ट्रस्ट काढला : जमीन ट्रस्टची, घर तुमचं, ९९ वर्षांचा करार, आणि विकायचं झालं तर किमतीला मर्यादा, त्यामुळे भाव वाढला म्हणून कोणी घर विकून मोकळा झाला तरी पुढच्या साध्या माणसाला ते घेता येतं.

लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागातही तसंच. १९८१ च्या दंगलीनंतर रस्तेच्या रस्ते रिकामे झाले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, पाडापाडी सुरू झाली. उरलेल्या बायकांनी कुंड्या मांडल्या, फळ्या रंगवल्या, बाजार भरवला. लोकांना आठवतं ते २०१५ चं टर्नर प्राइज, म्हणजे ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस, जे इथे काम केलेल्या असेंबल या तरुण डिझायनरांच्या ग्रुपला मिळालं. पण त्याआधी २०११ मध्ये रहिवाशांनी जमिनीचा ट्रस्ट काढला होता आणि त्यांनी दुरुस्त केलेल्या घरांची विक्री किंमत तिथल्या लोकांच्या पगाराशी बांधली होती, हे कोण सांगतं? अर्थात ट्रस्टच्या हाती सुरुवातीला आली ती १० घरं, म्हणजे हे काम मुंगीच्या गतीचं आहे हेही खरं, आणि मीटिंगांना कायम तेच चार-पाच जण येतात हे ज्याने असं काही केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

अजून एक. लोकसहभाग हा शब्द सरकारला फार आवडतो, कारण त्यात अंग काढून घ्यायची सोय असते. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी कामाची वाटणी स्वच्छ ठेवली होती : घरातला संडास आणि गल्लीतली गटारलाइन लोक स्वतःच्या पैशाने टाकणार, पण पुढचे मोठे नाले आणि सांडपाणी शुद्ध करणं सरकारचं काम. एवढी स्पष्ट वाटणी नसली की झाडू लोकांच्या हातात आणि निर्णय दुसऱ्याच्या, असं होतं.

म्हणून विनंती एवढीच की अशी बातमी छापताना तुमच्या वार्ताहराला तीन प्रश्न विचारायला सांगा : कागदोपत्री जागा कोणाची, कमिटीत रहिवासी किती, आणि तिथलं भाडं गेल्या वर्षभरात किती वाढलं. फोटो एक कमी छापला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक