जुने संगणक भंगारात कशाला?

महोदय,

'विंडोज १०'चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने सुस्थितीतले असंख्य संगणक तिच्यासाठी अपात्र ठरले आहेत. केरळमध्ये 'काइट' ही शासकीय संस्था उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीवर आधारित, शालेय सॉफ्टवेअर आधीच भरलेली कार्यप्रणाली शाळांना देते. आपल्याकडे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची, डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली 'बॉस' उपलब्ध असूनही राज्यातील शाळांसाठी तिचा विचार झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

अशी प्रणाली बसवणे अवघड नाही. मात्र घाई नको. आधी पेन ड्राइव्हवरूनच ती चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर 'क्ष', 'ऱ्य' नीट उमटतात का, हे पाहावे. रॅम दोन जीबीच असेल, तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. जुन्या ३२-बिट प्रोसेसरसाठी डेबियन १३मध्ये इन्स्टॉलरच नाही, तेथे अँटीएक्स ही हलकी लिनक्स प्रणाली चालते. हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी बसवल्यास पडणारा फरक तर थक्क करणारा असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. युनिकोड या सामायिक अक्षरमानकाच्या आधीच्या फाँटांत टंकलेली जुनी पत्रके आणि प्रश्नपत्रिका तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात, आणि मग दोष बिचाऱ्या लिनक्सला दिला जातो. म्हणून शालेय शिक्षण विभागाने युनिकोड रूपांतराची सोय असलेली लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करून घ्यावी आणि प्रत्येक केंद्रातील किमान एका शिक्षकाला ती बसवण्याचे प्रशिक्षण द्यावे.

– एक शिक्षक, जि. सातारा