पेवाविना हळद

विश्रामबाग, सांगली

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "फॅक्टर देऊनही रक्त का थांबत नव्हतं?" एसटीत होतो, धड बोलता आलं नाही. दाढ पडली त्या रात्री गौरीला उचलून रिक्षात घालणारा तूच, म्हणून तुला सगळं सांगायलाच हवं.

दोन वर्षं आम्ही हिमोफिलियाच, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, धरून चाललो. रिपोर्टात फॅक्टर एट, रक्त गोठवणारं एक प्रथिन, कमी, तेवढ्यावर. मुलींना इतका तीव्र हिमोफिलिया क्वचित होतो, हा प्रश्न कुणी लावून धरला नाही. इंजेक्शन दिलं की थांबायचं, रात्री पुन्हा उशी लाल. शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी करायला लावली. फॅक्टर एटला सांभाळणारं प्रथिन, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, गौरीच्या रक्तात जवळजवळ नाहीच.

हरिपूरची पेवं, हळद साठवायचे जमिनीतले ते खोल खड्डे, आठवतात? आजोबा म्हणायचे, हळद पेवात असेतोवर कीड लागत नाही. फॅक्टर एटचं तसंच आहे गड्या. उघडा पडला की रक्तातली दुसरी प्रथिनं त्याचे तुकडे करतात, यकृत त्याला उचलून नेतं. व्हॉन विलेब्रँडने धरून ठेवला तर निम्मा व्हायला साधारण १२ तास लागतात, नाहीतर दोन-तीन तासांत निम्मा. हा राखणदार नुसता राखत नाही. रक्तवाहिनी फाटली की तिथं चिकटतो, प्लेटलेट्सना ओढून घेतो. म्हणजे माल नेमका जखमेपाशी पोचतो, आणि तिथं थ्रॉम्बिन नावाचं रक्त गोठवणारं प्रथिन फॅक्टर एटला कापून मोकळा करतं. गौरीच्या अंगात हळद पिकत होती, पेवच नव्हतं. आम्ही वरून हळद ओतत राहिलो.

आता दोन्ही प्रथिनं असलेलं इंजेक्शन देतात. पहिल्यांदा दिलं त्या रात्री गौरीची आई सुनीता उशाशी बसून होती. सकाळी उशी पांढरीच.

खरं सांगायचं ते पुढंच. हिमोफिलिया आईकडून येतो, हे ऐकल्यापासून आमची आत्या, म्हणजे सुनीताची सासू, तिला बोलत होती, "तुझ्या आईच्या घराण्याचा दोष." सून म्हणून, सख्खी भाची असूनही. सुनीताने दोन वर्षं निमूट ऐकलं. मीही गप्प राहिलो, त्याची लाज वाटते. व्हॉन विलेब्रँड आजाराचा गौरीचा प्रकार मात्र आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतो. सुनीता आणि तिचा नवरा मामे-आत्ये भावंडं, म्हणजे बहुधा ते आमच्या आजोबा-आजीकडूनच दोन वाटांनी आलंय. डॉक्टरीणबाईंनी आत्यासमोरच कागदावर वंशावळ काढली. आत्या बराच वेळ त्या रेघांकडं बघत राहिली. घरी आल्यावर तिनं सुनीताच्या हातातलं पाण्याचं भांडं काढून घेतलं आणि स्वतः गौरीजवळ जाऊन बसली.

या आजाराचं नाव ज्या फिनलंडच्या डॉक्टरवरून पडलं, त्यांनी १९२४ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी तपासली होती. ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावानं गेली. गौरीला आता अकरावं चालू आहे. म्हणून आतापासूनच रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या कधी, किती द्यायच्या ते लिहून घेतलंय. ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढतो, ती घरातून काढून टाकली. शाळेच्या बाईंनाही मी भेटून आलो.

गणपतीला ये. गौरीने तुझ्यासाठी पाटावर बसायची जागा राखून ठेवलीय.

तुझा,
विलास