रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून लगेच गहू सोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली ग्लुटेन-फ्री खाण्याबद्दल (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं एक प्रथिन) सगळीकडेच लिहून येतं, गहू सोडा वजन उतरेल, गहू सोडा पोट साफ राहील, वगैरे. ते बरोबर की चूक ह्यात मी पडत नाही. पण ज्यांच्या घरात सिलियाकचा, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराचा, खरोखर संशय आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट फार कमी ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून हे पत्र. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की दोनच प्रकार होतात, एकतर सगळे म्हणतात चला सुटलो, नाहीतर म्हणतात तरी पण गहू बंद करून बघू काय फरक पडतो का. दोन्हीत धोका आहे आणि माझ्या मते दुसऱ्यात जास्त.

आमच्या घरी हा आजार नवा नाही. माझ्या पत्नीला सिलियाक आहे, काही वर्षांपूर्वी बायोप्सी होऊन, म्हणजे घशातून दुर्बिणीची नळी घालून (एंडोस्कोपी) आतड्याचे बारीक तुकडे तपासून, पक्कं निदान झालं. ज्याला सिलियाक आहे त्याच्या आईवडील, भावंडं, मुलं ह्यांच्यात शंभरात सात-आठ जणांना, काही ठिकाणी दहा जणांनासुद्धा तो सापडतो, त्यामुळे आमची मुलगी जेव्हा जिने चढताना थकायला लागली, हिमोग्लोबिन कमी आलं आणि लोहाच्या गोळ्या वेळेवर घेऊनही ते वर सरकेना तेव्हा आमच्या डोक्यात पहिला तोच विचार आला. ती आता दहावीत आहे. आधी सगळ्यांनी पाळीवर ढकललं, ह्या वयात मुलींचं होतंच असं म्हणून, मग जंताचं औषध झालं, थॅलेसेमिया मायनर आहे का ते बघायला एचपीएलसी झाली, ती नॉर्मल आली. मग टीटीजी आयजीए ही सिलियाकची रक्ततपासणी केली. निगेटिव्ह.

नातेवाईकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मीही एक दिवस सोडला, पण माझी बायको म्हणाली की थांबा, ही पोरगी गहू खाते तरी किती?

संपादकसाहेब, हा प्रश्न आम्हाला ना लॅबमधे कोणी विचारला होता ना पहिल्या डॉक्टरांनी. आमच्या घरात आईमुळे चपातीचं पीठच येत नाही. आम्ही मूळचे कोकणातले, त्यामुळे त्याचं काही अवघडही वाटत नाही, भात, तांदळाची भाकरी, कधी नाचणीची, बांगड्याचं तिखलं, एवढं असलं की कुणाला चपाती आठवत पण नाही. मुलगी बाहेर कधीतरी वडापाव खाते, मैत्रिणीच्या डब्यातला घास खाते, बस. आणि सिलियाकची रक्ततपासणी ही गहू शोधत नाही, गव्हामुळे शरीर जी अँटीबॉडी बनवतं ती शोधते. गहूच पोटात जात नसेल तर अँटीबॉडी हळूहळू उतरते आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमधे हे स्पष्ट लिहिलंय की तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असलं पाहिजे. आमच्या मुलीच्या बाबतीत हे अजिबात नव्हतं.

मला हा मुद्दा मुंबईसाठी खास महत्त्वाचा वाटतो. २०१६ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात रक्तात सिलियाकच्या अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्का निघालं. ज्या जीन्समुळे हा आजार होऊ शकतो त्या तिन्हीकडे बऱ्याच लोकांत होत्या, मोठा फरक दिसला तो गव्हाच्या खाण्यात, दक्षिणेत तो फारच कमी. आता मुंबईत एकाच मजल्यावर एका घरी रोज आठ-दहा चपात्या लाटतात आणि शेजारच्या घरी दोन वेळा भात. दोघांचा टीटीजी निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ एकच कसा लावायचा? डॉक्टरांनी आधी ताटात काय असतं ते विचारायला पाहिजे, गोव्या-कोकणातल्या, भात खाणाऱ्या घरांना तर नक्कीच.

दुसरी गोष्ट टोटल आयजीएची. टीटीजी आयजीए ही तपासणी आयजीए प्रकारच्या अँटीबॉडीवर उभी आहे, आणि काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच बनत नाही किंवा अगदीच कमी बनतं. सिलियाक असलेल्यांत असे शंभरात दोन-तीन जण असतात, बाकी लोकांपेक्षा बरंच जास्त. अशा माणसाचा रिपोर्ट कायम निगेटिव्हच येणार, त्याला आयजीजी प्रकारच्या वेगळ्या तपासण्या लागतात. म्हणून टोटल आयजीए बरोबरच बघायचं असतं. आम्ही जिथे रक्त दिलं त्या पॅकेजमधे ते नव्हतंच, नंतर वेगळे पैसे भरून करून घेतलं. आमच्या मुलीचं नॉर्मल आलं, म्हणजे तो दरवाजा बंद झाला, पण ते कळायला इतका वेळ का लागावा हे मला कळत नाही.

मग आम्ही पोटाच्या स्पेशालिस्टकडे गेलो, त्यांनी शांतपणे बसून सगळं ऐकून घेतलं आणि एचएलए तपासणी सुचवली. ही जीन्सची तपासणी, डीक्यू २ आणि डीक्यू ८ बघतात. हिचा एक मोठा फायदा म्हणजे गहू खाताय की नाही ह्याने काही फरक पडत नाही. ह्या दोन्ही जीन्स नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच म्हणायचं आणि पुढचं सगळं टळतं. पण असतील तर त्याने आजार सिद्ध होत नाही हे पण लक्षात ठेवायला हवं, कारण जगातल्या तीस-चाळीस टक्के लोकांत त्या असतातच आणि त्यातल्या फार थोड्यांना सिलियाक होतो. तपासणी खर्चिक आहे. आमच्या मुलीची डीक्यू २ पॉझिटिव्ह आली. आईला सिलियाक म्हणजे त्यात आश्चर्य काही नाही, पण दरवाजा उघडाच राहिला.

इथून खरी ओढाताण सुरू झाली. माझे मोठे भाऊ म्हणाले, अरे आईला आहे, मुलीला असणारच, बंद कर ना तिचं बाहेरचं खाणं, कशाला पोरीच्या घशात नळी घालतोस. सासूबाई बायोप्सी हा शब्द ऐकूनच रडायला लागल्या, आपल्याकडे बायोप्सी म्हटलं की कॅन्सरच डोक्यात येतो. दोघंही मायेपोटीच बोलत होते. पण मी त्यांना जे समजावलं तेच इथे लिहितो, कारण ह्याच वळणावर अनेक घरं चुकीच्या रस्त्याला लागतात असं मला डॉक्टरांशी बोलून वाटलं.

सिलियाकमधे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, आणि लोह नेमकं तिथेच शोषलं जातं, म्हणून गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. गहू बंद केला की ते उंचवटे परत भरायला लागतात. म्हणजे आधी गहू बंद करून मग दुर्बिणीने बघायला गेलात तर जे शोधायचं तेच अर्धवट पुसलं गेलेलं असणार. हॉलंडमधे डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, गव्हावर त्यांचा आधीपासून संशय होता, १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलियाकची मुलं सुधारली आणि पाव परत आला तशी परत आजारी पडली. गहू नाही तर आजार लपतो, इतकं सरळ आहे ते. आणि बरं वाटलं म्हणजे सिलियाकच होता असं पण नाही, आयबीएस, म्हणजे पोट सतत बिघडण्याचा वेगळाच त्रास, असलेल्या काहींनाही गहू सोडून बरं वाटतं. आजार असला तर जन्मभर पथ्य, हिंगाच्या डबीपर्यंत, कारण आपल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा असतो. पुरणपोळी नाही, लग्नाच्या पंगतीत भीत भीत जेवणं. माझी बायको हे रोज जगते. मुलीवर हे नुसत्या अंदाजावर लादायचं नाही आणि असेल तर अंदाजावर सोडायचंही नाही, हे तिचंच म्हणणं आणि ते मला शंभर टक्के पटलं.

शिवाय रक्तातली अँटीबॉडी निगेटिव्ह असताना बायोप्सीत उंचवटे झिजलेले दिसले तरी सिलियाक असंच म्हणता येत नाही. आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार आहे, जिआर्डिया ह्या परजीवीचा संसर्ग आहे, आतड्याचा टीबी आहे, ब्लडप्रेशरच्या ओल्मेसार्टन ह्या गोळीने पण असं होऊ शकतं. म्हणून डॉक्टर म्हणाले की तुकडे नीट जागेवरून, पुरेसे घ्यावे लागतात, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून निदान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन, कारण आजार कधी कधी ठिपक्याठिपक्याने असतो आणि एकच तुकडा नेमका चांगल्या जागेचा निघू शकतो. ही गोष्ट पालकांनी एंडोस्कोपीच्या आधी डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच करू नये.

आमचं असं ठरलंय. सध्या शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणलंय, त्यामुळे बोर्डाची परीक्षा बऱ्यापैकी ताकदीने देता येईल. परीक्षा संपली की मुलगी रोज दोन वेळा गहू खाणार, निदान सहा आठवडे, त्रास फारच झाला तर डॉक्टरांना कळवायचं, मग परत टीटीजी आणि त्याच्या पाठोपाठ एंडोस्कोपी. अडचण अशी की आमच्या स्वयंपाकघरात पीठ आणायचं नाहीये, बायकोला उडालेलं पीठ पण चालत नाही. तर चाळीतच खालच्या मजल्यावर माझी बहीण राहते, तिच्याकडे संध्याकाळी चपात्या आणि सकाळी बेकरीचा पाव. तिने स्वतःहून सांगितलं, पाठव तिला, माझ्या घरी चार चपात्या जास्त लाटल्या तर काय बिघडलं. मुलीला विचारून ठरवलंय हे सगळं. तिची पहिली काळजी नळीची होती, झोपेचं औषध देऊन करतात हे कळल्यावर ती बरीच निवळली.

आता माझी विनंती. ज्या लॅब सिलियाकची तपासणी विकतात त्यांनी टोटल आयजीए त्याच पैशात, त्याच रिपोर्टवर द्यावी आणि रक्त घेताना फॉर्मवर विचारावं की गेले सहा आठवडे तुम्ही रोज गहू खाताय का. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत पोटाच्या आजारांचे विभाग आहेत, ओपीडीच्या भिंतीवर मराठी आणि हिंदीत एक पाटी लावली तरी खूप होईल, कारण खाजगी लॅबचा रिपोर्ट घेऊन तिथे येणारे काही लोक आधीच गहू सोडून आलेले असू शकतात. आणि तुमच्या वर्तमानपत्राला विनंती की ग्लुटेन-फ्रीवर जेव्हा जेव्हा लेख छापाल तेव्हा त्यात एक वाक्य आवर्जून घालावं, सिलियाकचा संशय असेल तर सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सुरू ठेवा आणि हे डॉक्टरांशी बोलून करा.

आपला,
एक पालक
लालबाग, मुंबई