आधी शॉक्स बघा, गाडी खाली आणायचं नंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारवर लेख आला तो आवडीने वाचला, या विषयावर मराठीत कुणी लिहितंय याचाच आधी आनंद झाला. पण त्यातला एक सल्ला अजिबात पटला नाही आणि तो वाचून कुणी खरंच तसं केलं तर गाडीची वाट लागेल म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की आधी लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा टाकून घ्या, गाडी लगेच देखणी दिसायला लागते, शॉक्सचं (शॉक अ‍ॅब्झॉर्बरचं) पुढे सवडीने बघता येईल. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जुन्या गाडीत आधी शॉक्स, त्यांना साजेशी स्प्रिंग, आणि गाडी किती खाली आणायची ते सगळ्यात शेवटी, तेही मोजून.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. ती दबली की उसळी मारणारच, ती उसळी आवरायची आणि चाक रस्त्याला धरून ठेवायचं हे शॉकचं काम. आता स्प्रिंग कडक झाली की उसळीचा जोर वाढतो. स्प्रिंग 40 टक्के कडक केली तर पूर्वीइतकाच ताबा राहण्यासाठी डॅम्पिंग, म्हणजे शॉकची उसळी आवरायची ताकद, साधारण 18 टक्के वाढायला लागतं, कारण हा हिशोब वर्गमुळाने चालतो. आणि आपण बोलतोय 25-30 वर्षं जुन्या गाडीबद्दल, जिचे शॉक्स मूळच्या मऊ स्प्रिंगलाच धड आवरत नाहीत. चाकामागे टॉर्च मारून बघा, शॉकच्या नळीवर ओलसर धूळ चिकटून काळा थर बसलेला दिसला तर सील गेलंय, तेल बाहेर येतंय. अशा शॉकवर नवी कडक स्प्रिंग चढवली की गाडी एका खड्ड्यानंतर दोनदा-तीनदा डुलते, आणि हे वळणात झालं तर टायरची पकडच सुटते.

दुसरा मुद्दा ट्रॅव्हलचा, म्हणजे शॉकला दबायला मिळणाऱ्या जागेचा, आणि तो लेखात कुठेच नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. गाडी उभी असताना शॉकला बंप स्टॉपपर्यंत (शेवटी धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) वर जायला जी जागा असते ती समजा 75 मिमी आहे आणि तुम्ही शॉक उभ्या गाडीतच 30 मिमी जास्त दबेल अशी स्प्रिंग टाकली, म्हणजे उरले 45. तोच धक्का आता एवढ्याशा जागेत मुरवायचा तर नुसत्या गणिताने स्प्रिंग पावणेतीन पट कडक हवी, आणि बाजारातल्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंगा त्याच्या जवळपासही नसतात. मग उरलेलं काम बंप स्टॉप करतो. भर वळणात एका बाजूचा शॉक बंप स्टॉपवर जाऊन बसला की गाडीचं ते टोक एकदम कडक होतं आणि घसरायला लागतं, चालवणाऱ्याला कळायच्या आत. 1989 साली आलेली पहिली माझदा एमएक्स-5 घ्या, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं), पण ट्रॅव्हल मुळातच कमी. म्हणून तिचे जाणकार मालक गाडी खाली घेताना दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-5 ची वरची माउंटिंग (शॉकचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग) बसवतात, त्याने थोडा ट्रॅव्हल परत मिळतो.

हे मोजायला महागडं काही लागत नाही. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची झिप टाय आवळायची, खाली सरकवून शॉकच्या नळीला टेकवायची आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवून यायचं. शॉक जेवढा दबला तेवढी ती टाय दांड्यावर वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. तिच्या वर बंप स्टॉपपर्यंत बोटभरच जागा उरली असेल तर तुमची गाडी मुळात खाली आणण्यासारखी नाहीच, कितीही छान दिसो.

शॉक्स निवडताना लोक फक्त ब्रँडचं नाव बघतात, उंची कुणी विचारत नाही. बिल्स्टीनचंच घ्या, त्यांचा बी6 मूळ उंचीच्या गाडीसाठी आहे आणि बी8 ची नळी आखूड असते, तो खाली घेतलेल्या गाडीसाठी. बी6 वर लोअरिंग स्प्रिंग टाकून लोक नंतर गाडी आपटते म्हणून तक्रार करतात, तो दोष शॉकचा नाही. कोनीच्या पिवळ्या शॉकला रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा अडथळा, कमीजास्त करता येतो, त्यामुळे स्प्रिंग थोडी कडक असली तरी जुळवून घेता येतं, आणि म्हणून जुन्या गाडीसाठी माझा कल तिकडेच असतो. मूळच्या स्प्रिंगाच ठेवायच्या असतील तर कायाबाचे साधे ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉक्स पुरेसे आहेत, त्यात कमीपणा काही नाही. शॉक्स जोडीनेच बदलायचे, एकच बाजू कधीच नाही.

स्प्रिंगचा छापील आकडा मित्राच्या गाडीशी ताडून बघण्यात पण अर्थ नाही. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, चाक 10 मिमी वर गेलं तर ती समजा 7च मिमी दबते, आणि चाकापाशी मिळणारा कडकपणा 0.7 चा वर्ग म्हणजे निम्म्याच्या आसपास येतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र उभे असून खाली एकच आर्म असतो त्या रचनेत, स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच दबते, पण तिथे दुसरीच भानगड, गाडी फार खाली आली की खालचा आर्म बाहेरच्या बाजूला वर चढतो आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) बॉडीपेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणजे स्प्रिंग कडक करूनही गाडी वळणात जास्त कलू शकते. म्हणून माझ्या मते मॅकफर्सनवाल्या जुन्या गाडीला 20-25 मिमीपेक्षा खाली घेऊच नये.

काम करताना रबरी बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळून घ्या. बरेच मेकॅनिक चाकं लटकत असताना आवळून मोकळे होतात, मग गाडी खाली ठेवली की बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करायचंच, उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही बदलतात.

पुढच्या पुरवणीत या गोष्टी, निदान ट्रॅव्हल मोजायची रीत तरी छापावी ही विनंती. आणि लेखात 'घरच्या घरी' असं म्हटलंय तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसरबद्दल (स्प्रिंग दाबून धरायच्या हत्याराबद्दल) एक अक्षर नाही, तेही जरूर छापा. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं हात-तोंड फोडते, त्यामुळे दोन्ही हुक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं, आणि कॉम्प्रेसरचे आटे झिजलेले असतील तर ते काम गॅरेजवाल्याकडेच द्यायचं.

आपला,
एक नियमित वाचक