नवं मन आणि जुना दावा

संपादक महोदय,

उद्यमनगरात माझं लेथचं काम. चर्च कधी चुकवत नाही, पण वाटणीवरून सख्ख्या भावाशी सहा वर्षं अबोला. आमच्यात मन बदललं म्हणजे दारू सुटली, एवढंच धरतात. कोर्टातला दावा चालूच राहतो!

परवा बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय वाचला. ‘मनाच्या नवीकरणाने’ रूपांतर होऊ द्या, असं पौल सांगतो. मूळ ग्रीकमध्ये ही आज्ञा चालू क्रियेची आहे, म्हणजे एकदाच नव्हे, रोज होत राहू द्या, असं पाळकसाहेब म्हणाले. मला वाटायचं, बाप्तिस्म्यात सगळं आटोपलं.

सोमवारी भावाच्या दारात गेलो. त्यानं आधी माझ्या ग्रीसनं माखलेल्या हातांकडं बघितलं, मग वहिनीला म्हणाला, “च्या टाक.” वाटणीचा विषय अजून निघालेला नाही.

– एक वाचक, कोल्हापूर