आधी दर ठरवा, मग उचल वाटा

मा. संपादक,
स. न.

ऊसतोडीच्या दरवाढीची बातमी पेपरात येते तेव्हा आम्ही फडात असतो. जानेवारी 2024 ला तसंच झालं. हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झालेला, कोल्हापूर भागात आमच्या टोळीनं दोन महिने ऊस तोडलेला, आणि पुण्याच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली. टनाचा दर 273 वरून 366 च्या घरात गेला. टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशनही 19 चं 20 टक्के झालं. वाढ चांगली होती, नाही म्हणणार नाही. संध्याकाळी कोपीवर (आमच्या झोपडीवर) बायकोनं विचारलं, "मग आपल्या हातात किती येतील?" टोळीची वही मी लिहितो (बारावी शिकलो त्याचा एवढाच उपयोग), तरी मला सांगता आलं नाही.

आमच्या कोयत्यावर, म्हणजे आम्हा नवराबायकोवर, एक लाखाची उचल, म्हणजे मजुरीपोटी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, होती. दसऱ्याआधीच घेतलेली आणि दसऱ्याआधीच संपलेली. जुन्या दरानं ती फेडायला 366 टन ऊस लागला असता, नव्या दरानं 273. आकडे असे उलटेसुलटे कसे जुळले कोण जाणे. मधला फरक 93 टनांचा. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन धरले तर हे दीड-दोन महिन्यांचं काम झालं.

हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा हिशोब एका ओळीत मिळाला: उचल, खाडे, किराणा, बाकी. दरवाढीचा फरक कोणत्या तारखेपासून धरला, किती धरला, काही नाही. विचारलं तर मुकादम म्हणाला, "पुढच्या वर्षी यायचंय ना?" यावर काय बोलणार? हंगामाच्या मध्येच भाव वाढवून मागायचा तर कोयता खाली ठेवायची ताकद लागते. अंगावर उचल, गाव तीनशे किलोमीटरच्या पुढं, लेकरं कोपीत. पडक्या उसात निम्मंसुद्धा काम होत नाही, तरी टनाला दर तोच. जास्त मागितलं की शेतकऱ्याकडून खुशाली, म्हणजे वरचे पैसे, घ्या म्हणतात. आम्ही घेतोही, खोटं कशाला बोलू. पण शेतकऱ्याच्या शिव्या आम्ही खायच्या आणि कारखाना नामानिराळा.

तीन वर्षांचा तो करार 2025-26 च्या हंगामापर्यंतचाच आहे. साखर संघ (कारखान्यांची संघटना) आणि आमच्या संघटनांना एवढंच सांगणं आहे की, पुढचा दर उचली वाटायच्या आधी ठरवा. पावसाळ्यात पैसे घेऊन बसलेल्या माणसाला जानेवारीत घासाघीस करता येत नाही. आणि दर पंधरवड्याला कोयत्यागणिक छापील चिठ्ठी द्या. तिच्यात टन, दर आणि मागचा फरक वेगवेगळा लिहा. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती वाहनाच्या नावावर निघते, तीत आम्ही कुठंच नसतो. चिठ्ठीवर बायकोचंही नाव हवं. मी तोडतो तेवढंच ती तोडते, वर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि वहीत नाव माझं एकट्याचं. ही वही मीच लिहितो, त्यामुळं ही चूक माझीही आहे.

नव्या उचलीसाठी मुकादमाचा परवा फोन आला होता. दर काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ठरेल की." मी अजून हो म्हटलेलं नाही. पण पेरणी तोंडावर आलीय आणि बियाणं आणायचंय.

– एक ऊसतोड कामगार, ता. शिरूर कासार, जि. बीड